पाळण्यावरचे चित्र आणि दारातला पिंगळा

हुबळीहून कारवारकडे जाणारी मोटार कलघटगीत थांबते, तेव्हा धारवाडकडचा उघडा मुलूख मागे पडत असतो आणि पुढे मलनाडचे रान यायचे असते. गाव लहान. त्याचे नाव घरोघर गेले ते पाळण्यामुळे. कलघटगीच्या लाकडी ‘तोट्टिलु’वर रामायण-महाभारतातले प्रसंग आणि कृष्णाच्या बाललीला रंगवलेल्या असतात, आणि असा पाळणा घरात आला की पिढ्यान्‌पिढ्या तो मोडीत निघत नाही. बारशाला जमलेल्या बायकांना त्यात विशेष वाटत नाही. पण वनवास, द्यूत आणि भाऊबंदकी यांच्या कथा आपण सर्वांत लहान माणसाच्या उशाशी टांगतो, हे जरा नवलच नव्हे काय? शिवाय सहाव्या रात्री सटवाई येऊन लिहून जाते ते वेगळेच. तो लेख कोणालाच वाचता येत नाही, हे एक बरे.

तो वाचण्याचा हट्ट धरणारी माणसे ज्याने मराठीत आणली, तो लेखक येथून फार दूर नव्हता. कलघटगीहून धारवाड तासाभराच्या वाटेवर. तेथील जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात जी. ए. कुलकर्णी यांनी वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवले. जन्म १९२३ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचा. भोवती कानडी, वर्गात इंग्रजी आणि लेखणीत मराठी. १९५६ साली धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, तरी लेखणी बदलली नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथल्या आपल्या जुन्या घरांना ही स्थिती समजावून सांगण्याचे कारण नाही.

त्यांच्या तीन पुस्तकांची नावे एका ओळीत मांडून पाहावीत: ‘सांजशकुन’ व ‘रमलखुणा’ (दोन्ही १९७५) आणि ‘पिंगळावेळ’ (१९७७). तिन्ही भविष्याच्या धंद्यातली. रमल म्हणजे फासे टाकून भविष्य पाहण्याची विद्या, आणि मूळ अरबी शब्दाचा अर्थ वाळू. पिंगळा तर आपल्या पाहण्यातला. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन तो दारात उभा राहतो, पिंगळ्या पक्ष्याची भाषा आपल्याला कळते म्हणतो, घराचे बरेवाईट सांगतो, सुपातले दाणे झोळीत घेतो आणि निघून जातो. त्याला कोणी आत बोलावत नाही. सांगितलेले खरे ठरले तर त्याची आणखीच भीती वाटते! ज्याला दिसते त्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, ही आपली जुनी रीत.

जी. एंची मोठी माणसे अशी बाहेरची आहेत. ‘रमलखुणा’त ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घकथा. त्यांना कादंबरी म्हणावे की नाही, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. दुसऱ्या भाषेत त्यांची स्वतंत्र पुस्तके निघाली असती. देश कुठला, शतक कोणते, हे विचारू नये. टोल्कीनच्या अद्‌भुत कथेला (१९५४-५५) नकाशे आणि वंशावळी जोडलेल्या आहेत. जी. ए. नकाशा देत नाहीत. वाटसरू चालत राहतो, आणि ज्या नियतीपासून दूर जावे तिच्याच दाराशी पोचतो. ‘यात्रिक’मध्ये तर साक्षात डॉन किहोटेच आहे, जगाने वेडा ठरवलेला, पण इतरांना न दिसणारे पाहणारा.

या कथांवर ‘पळवाट’ असा आक्षेप येतो. ‘निळासावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’ यांतली दारिद्र्याने पिचलेली घरे सोडून हा गृहस्थ वाळवंटात का गेला, असे विचारले जाते. आम्हाला तो पटत नाही. त्या घरांतला क्रूरपणा येथेही तोच आहे. फक्त भाऊबंद, सावकार, शेजारी ही नावे गळून पडली आहेत. उलट ओळखीची भिंत नसल्यामुळे वाचकाला आडोसा उरत नाही. हां, एक दोष मान्य करावा लागेल. प्रतिमांची गर्दी कधी कधी इतकी होते की वाटसरू दिसेनासा होतो.

लेखक स्वतःही उंबऱ्याच्या अलीकडे फारसा आला नाही. सभा-संमेलने त्यांनी टाळली. ‘काजळमाये’ला १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून प्रश्न निघताच त्यांनी तो परत केला. पत्रे मात्र भरभरून लिहिली. जेम्स स्टीफन्सची परीकथेसारखी कादंबरी त्यांनी ‘सोन्याचे मडके’ म्हणून मराठीत आणली, आणि मुलांसाठी ‘बखर बिम्मची’ लिहिली. १९८७ साली पुण्यात ते गेले.

आमच्या घरातली नातवंडे इंग्रजीतल्या जादूगारांची जाडजूड पुस्तके एका बैठकीत संपवतात. त्यांच्या हाती प्रथम ‘रमलखुणा’ देऊ नये, बिचकतील. ‘पिंगळावेळ’मधली ‘स्वामी’ द्यावी. परगावी अडकलेल्या एका साध्या माणसाला मठात नेतात, स्वामी म्हणून पूजतात आणि जमिनीखालच्या खोलीत कायमचा कोंडतात. जेवणखाण, मान, सगळे यथास्थित. वर फक्त हवेसाठी एक वाट. त्या वाटेने तो एका वेलीला बाहेर धाडतो. वेल वर जाते. तो खालीच राहतो.