अदृश्य आकाश (भाग ६) : ठिपक्याला फुटलेली शेपटी

ऑगस्ट १९९९. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेली ‘चंद्रा’ ही क्ष-किरण दुर्बीण नुकतीच अवकाशात पोहोचली होती आणि तिचा फोकस जुळवायचा होता. त्यासाठी तेजस्वी, पण नेमका ठिपक्यासारखा दिसणारा स्रोत हवा. सुमारे ६ अब्ज प्रकाशवर्षांवरचा ‘पीकेएस ०६३७-७५२’ हा क्वेसार, म्हणजे महाकाय कृष्णविवरामुळे तेजाळलेले दूरच्या दीर्घिकेचे केंद्र, निवडला गेला. तो इतका दक्षिणेला आहे की महाराष्ट्रातून कधीच क्षितिजावर येत नाही.

चित्र आले, तर ठिपक्याला पश्चिमेकडे शेपटी फुटलेली!

ती दिसली, याचे श्रेय चंद्राच्या आरशांना. क्ष-किरण साध्या आरशावर समोरून पडले तर परततच नाहीत. तळ्यात तिरपा भिरकावलेला चपटा खडा जसा पाण्याला निसटता स्पर्श करून पुढे जातो, तसे इरिडियमचा मुलामा दिलेल्या आरशांवरून ते अगदी तिरपे घसरवत एकत्र आणावे लागतात. हे काम चंद्राइतके बारकाईने त्याआधी कोणत्याही क्ष-किरण दुर्बिणीने केले नव्हते.

मधल्या ठिपक्याचे कोडे त्यामानाने सोपे. महाकाय कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त चकतीतून अतिनील प्रकाश निघतो. कृष्णविवराच्या अगदी जवळ त्याहूनही कितीतरी तप्त इलेक्ट्रॉनांचा ढग असतो. त्या इलेक्ट्रॉनांशी टकरा होत होत या प्रकाशाची ऊर्जा वाढते आणि त्याचे क्ष-किरण होतात.

शेपटीचे तसे नाही. ती म्हणजे कृष्णविवराच्या परिसरातून सुटलेला झोत. रेडिओ दुर्बिणींना तो आधीच दिसला होता. त्याची लांबी किमान ३ लाख प्रकाशवर्षे, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या व्यासाच्या सुमारे तिप्पट. मूळ चकतीपासून इतक्या दूर क्ष-किरण निर्माण तरी कसे होतात? झोतातून रेडिओ लहरी सोडणारे इलेक्ट्रॉनच क्ष-किरणही सोडत असतील, तर दृश्य प्रकाशातही तो बराच उजळ दिसायला हवा होता. हबल दुर्बिणीच्या चित्रांत तो फारच मंद निघाला.

मग एक देखणी कल्पना पुढे आली. महास्फोटानंतर उरलेले सूक्ष्मतरंग सगळ्या विश्वात भरून आहेत. प्रकाशाच्या जवळपास वेगाने आपल्या दिशेने येणाऱ्या झोतातले इलेक्ट्रॉन त्यांना धडका देऊन थेट क्ष-किरणांपर्यंत नेत असावेत. हे खरे असेल, तर अशा झोतातून गॅमा किरणांचा ठरावीक, स्थिर प्रवाहही यायलाच हवा. २००८ मध्ये सोडलेल्या फर्मी दुर्बिणीने अनेक वर्षे निरीक्षणे केली. तेवढे गॅमा किरण काही सापडले नाहीत. २०१४ मध्ये ‘३सी २७३’ या क्वेसारच्या बाबतीत आणि पुढच्याच वर्षी खुद्द ‘पीकेएस ०६३७-७५२’च्या बाबतीत ही कल्पना बाद ठरवणारे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

कल्पना कितीही देखणी असली, तरी आकाशाच्या साक्षीपुढे ती मागे घ्यावी लागते, आणि इथे ते फार स्वच्छपणे घडले. आता संशय आहे तो अतिशय ऊर्जावान इलेक्ट्रॉनांच्या दुसऱ्या, वेगळ्या गटावर. पण ते आपली ऊर्जा झपाट्याने गमावतात. म्हणून झोताच्या संपूर्ण वाटेवर त्यांना पुन्हा पुन्हा वेग देणारी काहीतरी यंत्रणा असायला हवी.

जुनी कल्पना मात्र पूर्ण निकालात निघालेली नाही. प्राचीन विश्वात ते सूक्ष्मतरंग कितीतरी अधिक दाट होते. ‘बी३ ०७२७+४०९’ या क्वेसारचा प्रकाश आपल्याकडे सुमारे ११ अब्ज वर्षे प्रवास करून येतो. २०१६ मध्ये त्याच्यातून निघालेला लांबलचक झोत क्ष-किरणांत सापडला आणि रेडिओत त्याचा बहुतांश भाग दिसलाच नाही. तिथे अजूनही तीच कल्पना सर्वांत सहज लागू पडते.