एंजिनाचे नियंत्रण बदलल्यानंतरची अस्थिर मंदगती : निदानाचा क्रम

मोटारीच्या एंजिनावर बाहेरचा भार नसतो, थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि एंजिन केवळ स्वतःच्या घर्षणावर मात करण्यापुरते फिरत राहते, त्या अवस्थेला कारागीर ‘आयडलिंग’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला मंदगती म्हटले आहे. जुन्या एंजिनावरील मूळची नियंत्रणव्यवस्था काढून त्या जागी आकडे भरून जुळविता येणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बसविला म्हणजे पहिली तक्रार बहुधा याच अवस्थेत उद्भवते. रस्त्यावर एंजिन उत्तम खेचते; परंतु गाडी थांबताच ते थरथरते, गचके देते किंवा बंद पडते. अशा वेळी बहुतेकांचा हात प्रथम इंधनाच्या कोष्टकाकडे जातो. ही रीत का फसते व तिच्याऐवजी कोणता क्रम पाळावा, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

उदाहरणादाखल रोव्हरचे आठ सिलिंडरांचे एंजिन घेऊ. हे ॲल्युमिनियमचे एंजिन मूळचे अमेरिकेतील ब्यूइकचे. रोव्हरने १९६५ साली त्याचे हक्क जनरल मोटर्सकडून मिळविले आणि १९६७ पासून ते रोव्हरच्या मोटारींत बसू लागले. पुढे ३.९ लिटरच्या रेंज रोव्हरवर ल्यूकसची ‘१४ सीयूएक्स’ ही व्यवस्था आली. तीत तापलेल्या तारेवरून वाहणाऱ्या हवेचे वस्तुमान मोजून त्या प्रमाणात पेट्रोल सोडले जाते; ठिणगीचे काम मात्र स्वतंत्र डिस्ट्रिब्यूटर करतो. हौशी अभियंते ही व्यवस्था काढून अमेरिकेतील बाउलिंग व ग्रिप्पो यांनी रचलेल्या मेगास्क्वर्टसारखा नियंत्रक बसवितात, आणि डिस्ट्रिब्यूटरच्या जागी दोन-दोन सिलिंडरांना सामाईक अशा चार कॉईली योजतात.

या बदलाने केवळ यंत्राचे भागच बदलतात असे नाही. मोजावयाची राशीच बदलते. नवा नियंत्रक हवा प्रत्यक्ष मोजीत नाही. मॅनिफोल्डमधील निरपेक्ष दाब, हवेचे तपमान आणि एंजिनाचा वेग यांवरून, सिलिंडर किती भरला असेल हे तो वायूच्या नियमाने काढतो. तत्त्व जुनेच आहे. बॉशच्या डी-जेट्रॉनिक पद्धतीने १९६७ साली फोक्सवॅगनच्या मोटारीत त्याचाच अवलंब केला होता. तिच्या नावातील ‘डी’ हे ‘दाब’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर होय.

राशी बदलल्यामुळे लक्षणाचा अर्थही बदलतो, आणि निदानातील पहिली चूक येथेच होते. ब्रेकच्या सर्व्होची नळी फाटून मॅनिफोल्डमध्ये हवा शिरू लागली असे समजा. जुन्या व्यवस्थेत ही हवा तारेवरून गेलेलीच नसते. म्हणून तिच्या वाट्याचे पेट्रोल मिळत नाही, मिश्रण विरल होते आणि एंजिन अडखळते. नव्या व्यवस्थेत त्याच गळतीने मॅनिफोल्डमधील दाब वाढतो, हिशेबातील हवा वाढते आणि पेट्रोलही वाढते. मिश्रण जवळजवळ बरोबर राहते. मात्र मंदगती नको तितकी चढते. गळती एखाद्याच सिलिंडरच्या नळीलगत असेल तर चित्र पुन्हा निराळे होते. नियंत्रकाला दिसतो तो सरासरी दाब. जादा हवा मात्र मुख्यतः एकाच सिलिंडरला मिळते. तो एकटाच उपाशी राहतो आणि एंजिन थरथरते. तात्पर्य, जुन्या व्यवस्थेवर शिकलेले ठोकताळे नव्या व्यवस्थेला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

म्हणून उपचारापूर्वी लक्षणाचे वर्गीकरण केले पाहिजे. अस्थिर मंदगतीचे तीन प्रकार संभवतात. वेग संथपणे व ठराविक काळाने वरखाली होत असेल, तर दोष नियंत्रणाच्या वर्तुळात असतो. गचके अनियमित असून कोणत्याही एका सिलिंडरशी निगडित नसतील, तर ज्वलनच अशक्त असते. गचका ठराविक सिलिंडरांतच येत असेल, तर दोष स्थानिक असतो. तिसरा प्रकार ओळखण्यासाठी एकेका इंजेक्टरची जोडणी क्रमाने सोडून वेग किती उतरतो हे पाहावे. ज्याची जोडणी सोडल्याने वेग उतरत नाही, तो सिलिंडर काम करीत नाही. हीच परीक्षा प्लगची तार काढून करू नये. तसे केल्याने कॉईलवर ताण पडतो आणि न जळलेले पेट्रोल उत्प्रेरकात जाऊन तो तापतो.

रोव्हरच्या एंजिनात या परीक्षेचे उत्तर विशेष बोलके असते. त्याचा ज्वलनक्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. सामाईक कॉईलच्या जोड्या त्यावरून १ व ६, ८ व ५, ४ व ७, ३ व २ अशा ठरतात. विषम क्रमांकाचे सिलिंडर एका रांगेत आणि सम क्रमांकाचे दुसऱ्या रांगेत असल्याने प्रत्येक जोडीत दोन्ही रांगांचा एकेक सिलिंडर येतो. इंजेक्टरांना आज्ञा देणारी मंडले मात्र सामान्यतः रांगेनुसार जोडलेली असतात. तेव्हा अशी एखादी जोडी मंद असेल तर कॉईल पाहावी. संपूर्ण रांग मंद असेल तर इंजेक्टरांचे मंडल पाहावे. एकच सिलिंडर मंद असेल तर प्लग, त्याची तार, इंजेक्टर किंवा स्थानिक गळती यांचा शोध घ्यावा.

यानंतरचा क्रम हवा, ठिणगी आणि शेवटी पेट्रोल असा असावा. हवेच्या परीक्षेसाठी थ्रॉटल व मंदगतीची उपवाट ही दोन्ही पूर्ण बंद करावीत. एंजिन बंद पडावयास हवे, निदान त्याच्या बेतास यावयास हवे. ते आरामात फिरत राहिले तर हवा अन्यत्र कोठून तरी शिरत आहे. दाबाची नळी कोठून घेतली आहे हेही पाहावे. दर मिनिटास ८०० फेऱ्यांच्या वेगाने आठ सिलिंडरांचे एंजिन सेकंदास सुमारे ५३ वेळा हवा ओढते. नळी एकाच सिलिंडरच्या वाटेवर बसविली तर नियंत्रकाला त्या एकाच सिलिंडरचे हेलकावे दिसतात. सामाईक कोठीतून घेतली तर ते पुष्कळसे शमतात.

ठिणगीच्या परीक्षेत नियंत्रकाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. ठिणगी १० अंश आधी पडावी अशी कायम आज्ञा देऊन स्ट्रोबच्या दिव्याने पुलीवरील खूण प्रत्यक्ष पाहावी. प्रचलित चाकाला ३६ दात्यांची विभागणी असून त्यांतील एक दाता गाळलेला असतो. म्हणून मोजणी एका दात्याने चुकली की ठिणगी १० अंशांनी चुकते, आणि पडद्यावरील आकडा मात्र निर्दोष दिसतो. वेग वाढविला असता खूण सरकू लागली, तर चुंबकीय संवेदकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या असण्याचा संभव आहे. ठिणगीच्या कोष्टकाचा उतारही महत्त्वाचा आहे. मंदगतीजवळ वेग वाढताच ठिणगी अधिक आधी पडू लागली तर बल वाढते, वेग आणखी वाढतो आणि हेलकावे सुरू होतात. उलट, वेग घसरताच ठिणगी किंचित आधी पडेल अशी रचना केली तर एंजिन स्वतःला सावरते.

आता पेट्रोल. इंजेक्टरला विजेची आज्ञा मिळाल्यापासून त्याचे तोंड उघडेपर्यंत काही काळ वाया जातो. हा काळ १.० मिलिसेकंद आहे आणि मंदगतीत प्रत्यक्ष पेट्रोल सुटण्याचा काळही १.० मिलिसेकंदच आहे असे समजा. वाया जाणारा काळ ०.२ मिलिसेकंदाने चुकीचा भरला, तर पेट्रोलात २० टक्क्यांची चूक होते. पूर्ण भारावर पेट्रोल सुटण्याचा काळ १० मिलिसेकंद असेल, तर तीच चूक अवघी २ टक्के भरते. रस्त्यावर उत्तम चालणारे एंजिन थांबल्यावरच का बिघडते, याचे एक प्रमुख उत्तर या साध्या भागाकारात आहे. हा काळ विजेचा दाब उतरला की वाढतो. म्हणून मंदगतीत मोठे दिवे व पंखा लावून पाहावे. त्यासरशी मिश्रण बदलले तर कोष्टक नव्हे, दाबानुसार करावयाची ही दुरुस्ती चुकलेली आहे.

सर्वांत फसवी साक्ष निष्कासनळीतील लॅम्डा संवेदकाची असते. हा संवेदक पेट्रोल पाहत नाही; तो ऑक्सिजन पाहतो. सिलिंडरमध्ये ज्वलन चुकले की त्यातील सगळा ऑक्सिजन न वापरता बाहेर पडतो आणि संवेदक ‘मिश्रण विरल आहे’ असे सांगतो. वस्तुतः ते आधीच समृद्ध असू शकते. या साक्षीवर विसंबून पेट्रोल वाढविले की प्लग काजळतात, ज्वलन अधिक वेळा चुकते आणि संवेदक आणखी विरल मिश्रण दाखवितो. निष्कासनळीला संवेदकाच्या आधी चीर असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन असाच भ्रम होतो. पेट्रोलासाठी १४.७ हे सुप्रसिद्ध प्रमाण गाठल्याचे समाधानही येथे फसवे ठरते; आठांपैकी एका सिलिंडरात ज्वलन चुकत असता गाठलेली सरासरी ही उरलेल्या सातांना नको तितके पेट्रोल पाजूनच गाठलेली असते.

यावरून एक नियम निष्पन्न होतो. निदान चालू असेपर्यंत लॅम्डाची आपोआप होणारी दुरुस्ती बंद ठेवावी, मंदगतीची उपवाट एका जागी स्थिर करावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. स्वयंचलित दुरुस्ती चालू असता प्रत्येक दोष दुसऱ्या दोषाच्या आड लपतो. हवा गळत नाही, ठिणगी सांगितलेल्या जागी पडते आणि आठही सिलिंडर सारखा वाटा उचलतात हे सिद्ध झाल्यावरच इंधनाच्या कोष्टकातील आकड्यांना हात लावावा. तोपर्यंत ते आकडे बदलणे म्हणजे दोष तसाच ठेवून त्याची नोंद तेवढी बदलणे होय. असे झाकलेले दोष पुढे थंड सकाळी, उंच घाटात किंवा उत्प्रेरक निकामी झाल्यावर पुन्हा प्रकट होतात, आणि त्या वेळी त्यांचे मूळ शोधणे पहिल्याहून कठीण झालेले असते.