फुटबॉलपटू मास्तर आणि निमजचा शिपाई

आमच्या शाळेच्या मैदानावर गोलपोस्ट नाहीत. दोन्ही टोकांना दोन-दोन विटा मांडल्या की झाला गोल! मधल्या सुट्टीत आठवीची मुले तिथे फुटबॉल खेळतात. परदेशी खेळाडूंची नावे त्यांना तोंडपाठ आहेत. एकदा एका मुलाने विचारले, ‘‘सर, फुटबॉल खेळणारा कुणी लढाईवर गेला होता का?’’

आम्ही त्याला डोनाल्ड बेल यांची गोष्ट सांगितली. इंग्लंडमधल्या हॅरोगेट गावचे बेल आमच्याच पेशातले, म्हणजे शाळामास्तर होते. ब्रॅडफर्ड पार्क अव्हेन्यू या क्लबकडून ते व्यावसायिक फुटबॉलही खेळत. 1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा क्लबची परवानगी घेऊन ते सैन्यात भरती झाले. 5 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत शत्रूची एक मशीनगन त्यांच्या तुकडीवर आग ओकत होती. बेल खंदकातून सरपटत पुढे गेले, मग उघड्यावर धावत सुटले आणि पिस्तूल व हातबॉम्बने त्यांनी ती गन बंद पाडली. पाचच दिवसांनी तसाच हल्ला करताना ते मारले गेले. वय अवघे 25, लग्नाला जेमतेम महिना झालेला. त्यांना मरणोत्तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळाला. इंग्रजी राज्यातले शौर्याचे हे सर्वोच्च पदक.

मुले गप्प झाली. मग एकाने विचारले, ‘‘आपल्याकडच्या कुणाला मिळाले का हे पदक?’’

मिळाले आहे, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात! संगमनेर तालुक्यातल्या निमज गावी 1921 मध्ये जन्मलेले नामदेव जाधव मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये शिपाई होते. ते फुटबॉलपटू नव्हते. काम कंपनीच्या रनरचे, म्हणजे निरोप पोहोचवण्याचे. दुसऱ्या महायुद्धात, 9 एप्रिल 1945 रोजी, इटलीतल्या सेनिओ नदीवर हल्ला झाला. पलीकडच्या काठावर त्यांच्या छोट्या तुकडीतले बहुतेक जण मारले गेले. तेवीस वर्षांच्या नामदेवांनी दोन जखमी साथीदारांना एकामागून एक उचलले आणि गोळीबारात खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. त्यानंतर ते पुन्हा शत्रूकडे वळले. हाताला जखम झाल्याने बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून त्यांनी हातबॉम्ब घेतले. तीन मशीनगन चौक्या शांत केल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्या कंपन्यांना नदी पार करण्याची खूण केली.

त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्याच आठव्या भारतीय डिव्हिजनमधला आणखी एक शिपाई लढत होता. त्यांचे नाव अली हैदर, गाव कोहाटजवळचे, पलटण फ्रंटियर फोर्स रायफल्स. त्यांच्या सेक्शनमधले तिघेच नदी ओलांडू शकले. हुकमाची वाट न पाहता अली हैदर यांनी एक चौकी बंद पाडली. दोनदा जखमी होऊनही रांगत जाऊन दुसरी घेतली, तेव्हा कुठे मागच्या लोकांना वाट मिळाली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दोन वर्षांनी फाळणी झाली. अली हैदर यांचे कोहाट पाकिस्तानात गेले, नामदेवांचे निमज इथेच राहिले. सेनिओच्या काठी मात्र दोघे एकाच सैन्याचे शिपाई होते. राज्य इंग्रजांचे होते, पण पाठीमागून येणारी माणसे आपली होती, आणि त्यांच्यासाठीच दोघे पुढे गेले.

मुलांना बॉम्बची गोष्ट आवडते, ते वयच तसे आहे. आम्हाला मात्र त्याआधीचे पाणी आठवते. पाठीवर जखमी साथीदार, आणि एकाला पोहोचवून दुसऱ्यासाठी पुन्हा त्याच पाण्यात उतरणारा निरोप्या. गन बंद पाडणे पदकाच्या कागदावर लिहिले गेले, तसे हेही लिहिले गेले, ही समाधानाची बाब आहे.

नामदेव जाधव 1984 मध्ये वारले, अली हैदर 1999 मध्ये. मुलांना परदेशी खेळाडूंची नावे पाठ असावीत, त्यात वाईट काही नाही. पण एखाद्या संध्याकाळी दस्तरखानावर ही दोन नावेही निघावीत. आणि सुट्टीत संगमनेरवरून जाणे झालेच, तर निमज कोणत्या बाजूला आहे, एवढे तरी मुलांना जरूर दाखवावे.