अधिष्ठाता आणि अधिष्ठात्री : वैद्यकशिक्षणातील स्त्रियांचे स्थान



दुबलगुंडीच्या या विद्यालयाने स्मृतिव्याख्यानासाठी भाषेच्या एका निवृत्त प्राध्यापकाला पाचारण करावे आणि त्याने वैद्यकशिक्षणाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु या विषयाचा आरंभ मला दोन मराठी शब्दांपासूनच करावयाचा आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुखाला आपण 'अधिष्ठाता' म्हणतो. 'अधिष्ठात्री' हे त्याचे स्त्रीलिंगी रूप भाषेत पूर्वापार आहे. पण ते आपण देवतेसाठी राखून ठेवले. विद्येची अधिष्ठात्री सरस्वती, आणि विद्यालयाचा अधिष्ठाता मात्र पुरुष! दुसरा शब्द 'डॉक्टरीणबाई'. डॉक्टरच्या पत्नीलाही हाच शब्द आणि स्वतः डॉक्टर असलेल्या स्त्रीलाही हाच. स्त्रीच्या पदाला स्वतंत्र मान देण्यास समाजाला किती विलंब लागला, याची ही भाषेने दिलेली साक्ष होय.

शिक्षण मिळणे, व्यवसाय करता येणे आणि निर्णयाचा अधिकार हाती येणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा गौरव आपण पुष्कळ केला; तिसरीचा विचार फारसा केला नाही. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एम. डी. झाल्या, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली होती, हे सांगावयाचे मात्र आपण विसरतो. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पद मिळाले होते; सूत्रे हाती घेणे नशिबी नव्हते.

आपला बिदर-गुलबर्गा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत १८८५ साली रूपाबाई फर्दुनजी या पारशी मुलीला प्रवेश मिळाला आणि १८८९ साली ती 'हकीम' ही पदवी घेऊन बाहेर पडली. क्लोरोफॉर्म देण्याच्या शास्त्रात तिने असे नैपुण्य मिळविले, की जगातील पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज तिचे नाव घेतले जाते. भूलशास्त्राची स्वतंत्र पदविका त्या काळी नव्हती. म्हणून १९०९ साली एडिंबरोला जाऊन तिने पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांचा अभ्यास केला. पुढे चादरघाट येथील रुग्णालयाची ती अधीक्षक झाली.

या पहिल्या पिढीला अधिकार मिळाला तो मुख्यतः स्त्रियांच्या रुग्णालयांत. त्याचे कारण उघड आहे. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जात नसत. म्हणून स्त्रियांनीच चालविलेली रुग्णालये उभी राहिली. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले, ते याच विचाराने. समाजाच्या संकोचातूनच स्त्रियांच्या नेतृत्वाला अशी जागा मिळाली. मात्र त्या जागेला कुंपणही होते : स्त्रियांच्या रुग्णालयात प्रमुख, परंतु इतरत्र दुय्यम.

त्या जागेचे सोने करणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजातील या बाईंचा जन्म १८९० साली आपल्याच कर्नाटकात, शिवमोग्याला झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्या लंडनला गेल्या आणि १९१९ साली एम. डी. झाल्या. १९२८ ते १९४७ अशी एकोणीस वर्षे त्यांनी कामा रुग्णालयाची धुरा वाहिली. मुंबईतील बाळंतिणींच्या मृत्यूंची कारणे शोधण्याची पद्धतशीर पाहणी त्यांनी केली. देशातील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांचा महासंघ १९५० साली स्थापन झाला, त्याच्या त्या संस्थापक अध्यक्षा.

येथे क्षणभर थांबू. बाळंतपणातील मृत्यूला आपल्याकडे 'दैवगती' म्हणत. दैवगतीची कारणे कोणी मोजत नाही. मोजणी करावयाची तर आज्ञा देणारा अधिकारी लागतो. प्रश्न कोणता विचारावा, हे खुर्चीवरील व्यक्ती ठरविते. स्त्रियांचे नेतृत्व हा केवळ मानापमानाचा विषय नव्हे, तो याच कारणाने.

पुढची पायरी म्हणजे स्त्री-पुरुष दोघांच्याही महाविद्यालयाचे प्रमुखपद. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाहा. तेथे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना मातेचे दूध मिळावे, हा हेतू. पुढे त्या तेथे अधिष्ठाता झाल्या. त्याच महाविद्यालयाचे अधिष्ठातापद भूषविलेल्या बालशल्यविशारद डॉ. स्नेहलता देशमुख १९९५ साली मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. पदवीपत्रावर आईचे नाव आले, ते त्यांच्या कारकिर्दीत. २०२१ साली नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरुपदी आलेल्या लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर यांचा जन्म तर धारवाडचा.

तरीही शिडीच्या वरच्या पायऱ्या अरुंदच आहेत. सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक, विभागप्रमुख, अधिष्ठाता असा हा क्रम. प्रत्येक पायरीला अध्यापनाची वर्षे व संशोधनलेख लागतात. ही वर्षे नेमकी लग्न, बाळंतपण आणि घरातील वृद्धांच्या सेवेची असतात. पतीची बदली झाली की पत्नी पद सोडते. तिची बदली झाली की घर मोडेल म्हणून ती नकार देते. गुणवत्ता कमी पडत नाही, सलगता तुटते. पाळणाघर, रात्रपाळीतील सुरक्षितता, खंडानंतर परतण्याची वाट आणि निवडसमितीत स्त्रियांची उपस्थिती हे त्यावरील साधे उपाय आहेत. त्यांची सोय करणे हे संस्थेचे कर्तव्य होय, उपकार नव्हे.

आपल्या भागात गुलबर्ग्याचे महादेवप्पा रामपुरे महाविद्यालय १९६३ साली निघाले; बिदरला शासकीय वैद्यकीय संस्था यावयास २००७ साल उजाडले. २०१२ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या ३७१ (जे) कलमामुळे या मागास भागातील मुलांमुलींसाठी शिक्षणात व नोकरीत राखीव जागा आल्या. दुबलगुंडीची मुलगी डॉक्टर होणे आता अशक्य कोटीतील राहिलेले नाही.

म्हणून येथील माजी विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींच्या वडिलांना आणि सासऱ्यांना, माझे एवढेच सांगणे आहे : मुलगी एम. बी. बी. एस. झाली की पेढे वाटून आपले कर्तव्य संपले असे मानू नका. तिला पुढे शिकू द्या, शिकवू द्या आणि दूरच्या गावी पद मिळाले तर जाऊ द्या. 'अधिष्ठात्री' हा शब्द भाषेजवळ केव्हाचा तयार आहे. तो देव्हाऱ्यातून कार्यालयाच्या दारावरील पाटीवर आणणे, एवढेच आपल्या हाती उरले आहे.