रिसेप्टर पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे

‘ईआर पॉझिटिव्ह’ हे शब्द अनेक घरांत आई, मावशी किंवा आत्याच्या स्तनाच्या कॅन्सरच्या वेळी कानावर पडलेले असतात. त्यामुळे एखाद्या पुरुषाच्या वाढलेल्या स्तनाच्या रिपोर्टमध्ये ते दिसले की कॅन्सर झालाच, असं घरचे धरून चालतात. ही समजूत चुकीची आहे.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. रक्तातून आलेलं इस्ट्रोजेन पेशीतल्या ज्या प्रथिनाला चिकटतं, ते हे प्रथिन. निरोगी स्तनग्रंथीतही ते असतं आणि ती ग्रंथी थोडी का होईना, पुरुषालाही असते. इस्ट्रोजेनचा प्रभाव पुरुषी हार्मोनपेक्षा वरचढ झाला की ती वाढते. हाच गायनेकोमॅस्टिया. कॅन्सर आहे की नाही हे पॅथॉलॉजिस्ट पेशींच्या रूपावरून आणि रचनेवरून ठरवतात. कॅन्सर ठरल्यावर रिसेप्टरची तपासणी मुख्यतः औषध निवडण्यासाठी लागते. पुरुषांच्या स्तनाच्या कॅन्सरपैकी सुमारे ९० टक्के ईआर पॉझिटिव्ह असतात हे खरं, पण म्हणून ईआर पॉझिटिव्ह असलेली प्रत्येक गाठ कॅन्सरची ठरत नाही.

टॅमॉक्सिफेनमुळेही असाच घोळ होतो. कॅन्सरची म्हणून माहीत असलेली ही गोळी डॉक्टर दुखऱ्या गायनेकोमॅस्टियासाठीही कधी कधी देतात, कारण ती स्तनातला हाच रिसेप्टर अडवते. गोळीवरून आजाराचं नाव ठरवू नये.

मग या वाढीचा पुढे कॅन्सर होतो का? गायनेकोमॅस्टियाला कॅन्सरची पूर्वावस्था मानत नाहीत. स्वीडनमध्ये अशा ४४६ पुरुषांच्या पाहणीत (२००२) स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही. वृषणाचा मात्र अपेक्षेपेक्षा जास्त आढळला. उलट २०१४ मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा गायनेकोमॅस्टिया आणि स्तनाचा कॅन्सर यांचा संबंध दिसला. दोन्ही निष्कर्ष वाचकापुढे ठेवायला हवेत. क्लाइनफेल्टर सिंड्रोम या जन्मजात गुणसूत्रदोषासारखी काही कारणं गायनेकोमॅस्टिया आणि कॅन्सर या दोन्हींना पोषक असतात, आणि मुळात स्तनाच्या सगळ्या कॅन्सर रुग्णांत पुरुष जेमतेम एक टक्का असतात. ज्या घराण्यात बीआरसीए-२ जनुकाचा दोष आहे, तिथल्या पुरुषांनी मात्र अधिक जागरूक राहावं.

‘बायकांचा आजार, पुरुषाला कसा होईल?’ हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यापायी पुरुष लाजून महिनोन्‌महिने गाठ लपवतात. गायनेकोमॅस्टियाची गाठ बहुधा स्तनाग्राच्या बरोबर खाली, चकतीसारखी, रबरासारखी लागते आणि पुष्कळदा दुखते. गाठ एकाच बाजूला, स्तनाग्रापासून सरकलेली, टणक असेल, कातडी ओढली जात असेल, स्तनाग्र आत गेलं असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा काखेत गाठ असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवावं.

वयात येणाऱ्या मुलांची वाढ बहुतेकदा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. त्यांना चिडवणं तेवढं थांबवा. मोठ्यांनी डॉक्टरांना स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टेराइडसारखी चालू औषधं, दारू आणि जिममध्ये घेतलेली स्टेरॉइड्स, सगळं न लपवता सांगावं, आणि वृषणांची तपासणीही करून घ्यावी.