यूवाचून क्यू

स्क्रॅबलच्या पिशवीत शंभर ठोकळे असतात. दोन कोरे, बाकीच्यांवर अक्षरं. ई बारा वेळा, ए आणि आय नऊ-नऊ वेळा, यू चार वेळा आणि क्यू एकदाच. हे प्रमाण आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने 1930च्या दशकात बसवलं. महामंदीत हाताला काम नव्हतं, तेव्हा त्याने वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरं मोजली. जे अक्षर विरळ त्याला गुण जास्त, म्हणून क्यूला दहा. पण दहाचा हा ठोकळा हातात आला की खेळाडूच्या कपाळाला आठी पडते. चारही यू पटावर लागून गेले असतील तर क्यू हातात अडकतो. समोरच्याने आपले ठोकळे आधी संपवले तर आपले दहा गुण जातात आणि तेच दहा त्याच्या खात्यात जमा होतात.

यावरचा तोडगा म्हणून खेळाडू एक छोटी यादी तोंडपाठ करतात: ज्यात क्यू आहे पण त्याच्या पाठीमागे यू नाही असे शब्द. लांबीप्रमाणे लावलेली ही यादी मराठी माणसाने एकदा तरी वाचावी. दोन अक्षरांचा ‘ची’ हा चिनी शब्द (क्यू-आय, प्राणशक्ती) सोडला, तर चार आणि पाच अक्षरांच्या रांगेत बहुतेक आपलेच पाहुणे भेटतात. वक्फ, फकीर, तलाक, निकाब, कोर्मा. जरा पुढे गेलं की कव्वाली. (पाच अक्षरं ही रोमन लिपीतली. आपला ‘फकीर’ तीन अक्षरांत आटोपतो.) पाचांच्या रांगेतला ‘ट्रँक’ तेवढा घरचा. ‘ट्रँक्विलायझर’चं शेपूट छाटताना यूही छाटला गेला, म्हणून तो या यादीत आला.

हे शब्द ‘इंग्रजी नाहीत’ अशी कुरकुर नेहमी ऐकू येते. ती तपासायची तर क्यू-यूची गाठ कधी पडली ते पाहायला हवं.

फिनिशियन लिपीत ‘क़ोफ’ नावाचं अक्षर होतं. घशाच्या मागून काढलेल्या ‘क’साठी ते वापरत. ग्रीकांनी त्याचं ‘कोप्पा’ केलं, पण ग्रीक भाषेत तो उच्चारच नव्हता, त्यामुळे ते पुढे गळालं आणि केवळ 90 या संख्येची खूण म्हणून उरलं. इटलीतल्या एट्रुस्कनांनी मात्र एकाच ‘क’साठी तीन अक्षरं ठेवली आणि पुढच्या स्वराप्रमाणे ती वाटून दिली. ‘उ’च्या आधी क्यू. रोमनांनी हीच सवय उचलली. गाठ पडली ती इथे, आणि तीही उच्चाराच्या गरजेपोटी नव्हे.

जुन्या इंग्रजीला तर क्यू जवळजवळ लागतच नव्हता. राणीला आज जो क्यू-यूने सुरू होणारा शब्द आहे, तो तेव्हा सी-डब्ल्यूने लिहीत. 1066मध्ये नॉर्मन आले, त्यांच्या मागोमाग फ्रेंच वळणाचे लेखनिक आले आणि अस्सल इंग्रजी राणीला त्यांनी आपल्या पद्धतीचं लुगडं नेसवलं. म्हणजे ज्याला आपण इंग्रजी शुद्धलेखनाचा पक्का नियम समजतो, तोच मुळात बाहेरून आलेला.

त्याच क़ोफची दुसरी शाखा अरामी लिपीतून अरबीत गेली आणि ‘क़ाफ’ झाली. अरबीत काफ आणि क़ाफ यांत गल्लत चालत नाही: ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा, ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय. रोमन लिपीत अरबी लिहिणाऱ्या पंडितांनी काफला के दिला आणि क़ाफला क्यू. वंशावळ पाहिली तर ही निवड चोख होती, कारण दोघं एकाच घरातले चुलतभाऊ. फकिरातला एकटा क्यू हा नियमभंग वाटतो खरा, पण राणीतल्या क्यूपेक्षा तो आपल्या मूळ कामाच्या अधिक जवळ आहे. चिनी ‘ची’ची गोष्ट निराळी. 1958च्या पिनयिन लिप्यंतरात क्यू मोकळा सापडला म्हणून त्याला ‘छ’सारख्या उच्चारावर बसवलं, इतकंच.

मराठीने हा भेद ठेवलाच नाही. कायदा, कलम, कबूल, कर्ज, हक्क, किल्ला, मुकादम हे सारे क़ाफवाले, तर किताब, वकील, तक्रार काफवाले. आपण सगळ्यांना एकच ‘क’ दिला, आणि हिंदीत नुक्ता देतात तसा तोही दिला नाही. त्यामुळे आपला ‘कायदा’ आणि बातम्यांतलं ‘अल कायदा’ यांतला शब्द एकच आहे (मूळ अर्थ पाया), हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ‘बुरखा’ तर ‘क’ही सोडून ‘ख’कडे गेला.

इंग्रजीतही फकीर सतराव्या शतकापासून आहे, पण केने लिहिलेला. नवी आहे ती क्यूची वर्णी. स्क्रॅबलच्या कोशात तिन्ही रूपं चालतात: केवाला फकीर, क्यूवाला फकीर, आणि कुणातरी नियमनिष्ठाने क्यूमागे यू चिकटवलेला सहा अक्षरी फकीर. हा तिसरा मला सर्वांत केविलवाणा वाटतो. केवाल्याचे बारा गुण होतात, क्यूवाल्याचे सतरा.

पटाबाहेरही ही अदलाबदल झालेली आहे. आपल्या संसदेने 1954 आणि 1995मध्ये वक्फविषयी केलेल्या कायद्यांच्या इंग्रजी नावात के होता. 2013च्या दुरुस्तीने तो काढून क्यू घातला. 2017च्या तिहेरी तलाकच्या निकालपत्रात तलाक शेवटी क्यू घेऊनच उभा आहे. ज्या इंग्रजीत एखाद्या बाईचा संसार राहिला की मोडला हे ठरतं, त्या इंग्रजीत हा शब्द परका कसा म्हणायचा? कुरकुर करणाऱ्याचं इंग्रजी एका बेटापुरतं असेल, तर त्याने तसं सांगावं आणि मग राणीलाही पुन्हा सी-डब्ल्यूने लिहावं.

यादीतला एक पाच अक्षरी शब्द राहिला: ‘कनात’. तंबूची नव्हे. डोंगरपायथ्याचं पाणी जमिनीखालच्या उताराच्या बोगद्यातून दूरच्या वस्तीत आणणारी इराणी युक्ती. मलिक अंबरने औरंगाबादेत, तेव्हाच्या खडकीत, बांधलेली नहर त्याच जातीची. पटावर तिचे चौदा गुण.