लाळ आवरत नाही तेव्हा

मोटर न्यूरॉन आजारात लाळ जास्त तयार होत नाही. जीभ, ओठ व घशाचे स्नायू दुबळे झाल्याने ती गिळली जात नाही. निरोगी माणूस दिवसाला सुमारे एक लिटर लाळ नकळत गिळतो. ग्लायकोपायरोलेट, ॲमिट्रिप्टिलिन किंवा जिभेखाली ॲट्रोपिनचे थेंब, यांपासून उपचार सुरू होतात. त्यांनी बद्धकोष्ठता होते, लघवी अडू शकते. लाळ घट्ट होऊन घशात चिकटते, आणि हा त्रास मूळ त्रासाहून जाचक ठरू शकतो. म्हणून मात्रा हळूहळूच वाढवावी. तेवढ्याने न भागल्यास लाळग्रंथींत बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन देतात. गुण साधारण तीन महिने टिकतो. अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथल्या कान-नाक-घसा विभागात सल्ला घेता येईल. वाड्या-वस्त्यांवर वीज जाते, म्हणून तोंडातली लाळ ओढून काढणारे घरचे सक्शन मशीन बॅटरीवर चालणारेच घ्यावे.